मुका रोगी आणि लाल प्रकाश : प्राण्यांवरच्या लेझर-उपचाराचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्याकडे दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया आल्या. काहींनी विचारलं, इतिहासाच्या व्याख्यानमालेत हा कुत्र्या-मांजरांचा दवाखाना कुठून आला? आणि ज्यांच्या घरी म्हातारं कुत्रं आहे त्यांनी एकच विचारलं, "याचा उपयोग होतो का हो?" आम्ही आज या दुसऱ्या प्रश्नाच्या मागे जाणार आहोत. कारण 'उपयोग होतो का' हे ठरवायचं, तर कुत्र्याचं दुखणं कमी झालं हे आपल्याला कळतं कसं, हे आधी सांगावं लागतं. ते कळण्याचा इतिहास आपल्याला वाटतो तितका जुना नाही.

ज्यांनी हा उपचार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं वर्णन करतो. कुत्रं चटईवर आडवं असतं. डॉक्टर, मदतनीस आणि मालक, तिघांच्या डोळ्यांवर रंगीत गॉगल. कधी कधी कुत्र्यालाही गॉगल घातलेला असतो आणि मग फोटो निघतातच. डॉक्टरांच्या हातात टॉर्चसारखा दांडा असतो, तो कंबरेवरून, गुडघ्यावरून सावकाश फिरवायचा. पाच-दहा मिनिटांत झालं. भूल नाही, सुई नाही, केस भादरायचीही बहुधा गरज नाही. शस्त्रक्रियेत कापायला वापरतात तो लेझर वेगळा. हा कापत नाही, जाळत नाही. निदान जाळू नये अशी अपेक्षा असते. सांधेदुखी, मणक्याची शस्त्रक्रिया, भरून न येणारी जखम, कानाची जुनाट सूज अशा कितीतरी गोष्टींवर तो सुचवला जातो.

हे पाहून एखाद्या शेतकऱ्याला डागणीची आठवण होईल. आपल्याकडे लंगडणाऱ्या बैलाच्या खांद्याला, गुडघ्याला तापवलेल्या लोखंडाने डाग द्यायची पद्धत होती. खेडोपाडी ती अजून पुरती गेलेली नाही. हे आपलंच मागासलेपण असं समजायचं कारण नाही. युरोपात शर्यतीच्या घोड्यांच्या पायांना तापलेल्या सळीने टोचे देणं हा अगदी विसाव्या शतकातही मान्य उपचार होता. विचार असा की नवी जखम केली की रक्त तिथे धावतं आणि जुनं दुखणं बरं होतं. बैलाला काय वाटलं हे कुणी विचारलं नाही. डाग दिल्यावर तो महिनाभर कामाला जुंपत नसत, त्या विश्रांतीने बरा होत असेल तर तेही श्रेय लोखंडाच्या खात्यावर जमा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

प्रकाशाने बरं करण्याची आधुनिक गोष्ट मात्र एका मांजरापासून सांगितली जाते. नील्स फिन्सेन हा 1860 साली फॅरो बेटांवर जन्मलेला डॅनिश डॉक्टर. स्वतः दीर्घ आजारी, अशक्त. तो सांगत असे की खिडकीतून खाली पाहताना त्याला छपरावर ऊन खात बसलेलं एक मांजर दिसलं. सावली सरकत आली की मांजर उठायचं, उन्हात जाऊन बसायचं. पुन्हा सावली आली की पुन्हा उठायचं. मांजराला उन्हातून काहीतरी मिळत असलं पाहिजे, असं त्याच्या मनात आलं. पुढे त्याने कोपनहेगनमध्ये कार्बन आर्कच्या दिव्याचा तीव्र प्रकाश भिंगांतून टाकून त्वचेच्या क्षयावर उपचार सुरू केले आणि 1903 साली त्याला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी, त्रेचाळिसाव्या वर्षी तो गेला. फिन्सेनचा प्रकाश मुख्यतः निळा-जांभळा आणि अतिनील, जंतूंच्या जिवावर उठणारा होता. आपला लाल प्रकाश वेगळ्या घराण्यातला. पण प्रकाश हे औषध असू शकतं, त्याला मात्रा असते, हा विचार वैद्यकात प्रतिष्ठित केला तो फिन्सेननेच.

पुढचा टप्पा कॅलिफोर्नियात, मालिबू इथल्या ह्यूज कंपनीच्या प्रयोगशाळेत. 16 मे 1960 रोजी थिओडोर मेमन याने कृत्रिम माणकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला. (जाता जाता, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपल्याकडचा कायदाही 1960 चाच. संबंध काही नाही, पण साल लक्षात राहायला सोपं जातं.) मेमनचा शोधनिबंध एका नामांकित नियतकालिकाने परत पाठवला, मग तो 'नेचर'मध्ये छापून आला. वर्तमानपत्रांनी मात्र मृत्युकिरण सापडला म्हणून मथळे दिले. त्याच वर्षाअखेर अली जावान आणि सहकाऱ्यांनी बेल प्रयोगशाळेत हेलियम-निऑन वायूचा लेझर बनवला. 1962 पर्यंत त्यातून 632.8 नॅनोमीटरचा लालभडक किरणही मिळू लागला आणि त्याच वर्षी अर्धवाहकाचा लेझर जन्मला. आजची दवाखान्यातली यंत्रं या शेवटच्याच घराण्यातली आहेत.

मृत्युकिरण हाती आला म्हटल्यावर डॉक्टरांच्या मनात सगळ्यात आधी काय येणार? कर्करोगाची गाठ जाळायची. बॉस्टनमध्ये पॉल मॅकगफ या डॉक्टरने माणकाच्या लेझरने प्रयोगातल्या प्राण्यांच्या गाठी नष्ट केल्याचं प्रसिद्ध झालं होतं. हे वाचून बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठातले (आज त्याला सेमेलवाइस विद्यापीठ म्हणतात) शल्यविशारद एन्द्रे मेस्टर यांनी तसाच प्रयोग करायचं ठरवलं. मेस्टर तेव्हा साठी ओलांडलेले. उंदरांच्या पाठी भादरल्या, काहींवर लेझर टाकला, काहींवर नाही, आणि वाट पाहिली.

इथे एक सांगितलं पाहिजे. या गोष्टीच्या दोन आवृत्त्या फिरतात. एकीप्रमाणे मेस्टर गाठी बऱ्या होतात का हे पाहत होते. दुसरीप्रमाणे लेझरमुळे कर्करोग होतो का, ही त्यांची धास्ती होती. दोन्हींत शेवट सारखाच. कर्करोगाच्या बाबतीत काहीच घडलं नाही. मॅकगफच्या यंत्राच्या मानाने मेस्टरांचा लेझर फारच कमजोर होता, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. पण भादरलेल्या पाठीवर, जिथे लेझर पडला होता तिथे, केस लवकर उगवले.

आता विचार करा. प्रयोग फसलाय. दुसरा कुणी असता तर वहीत 'परिणाम नाही' असं लिहून उंदरांना रजा दिली असती. केस उगवले तर उगवले, केसांसाठी कोण बसलंय? मेस्टरांनी तेच छापलं. 1967 साली हंगेरियन नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधाचा विषयच 'लेझरचा उंदरांच्या केसवाढीवर परिणाम' असा आहे. मग जिथे केस लवकर येतात तिथे जखमही लवकर भरेल का, असं त्यांनी उंदरांच्या जखमांवर पाहिलं. आणि सत्तरच्या दशकात, वर्षानुवर्षं न भरलेल्या पायांच्या जखमा घेऊन येणाऱ्या माणसांवर त्यांनी हा उपचार केला. शस्त्रक्रियेच्या खात्यात पडलेली ही माणसं म्हणजे बाकी सगळ्यांनी हात टेकलेली. मेस्टर 1984 साली वारले.

म्हणजे क्रम असा झाला : आधी उंदीर, मग माणूस. प्राण्यावर शोध लागला, फायदा माणसाला. रोगी म्हणून प्राण्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागायचा होता. हे आम्हाला या इतिहासातलं सगळ्यात बोलकं वाटतं, म्हणून तिकडे वळण्याआधी प्रकाशाचं उरलेलं काम पटकन उरकतो.

मेस्टरांचं काम बरंचसं पूर्व युरोपातल्या भाषांत अडकलं आणि पश्चिमेत कित्येक वर्षं त्याकडे भोंदूगिरी म्हणूनच पाहिलं गेलं. कारणही होतं. किरण ऊब देत नाही, जंतू मारत नाही, मग करतो काय? याचं सर्वांत चिकाटीने उत्तर शोधलं ते मॉस्कोजवळच्या प्रयोगशाळेतल्या टीना कारू यांनी. काचपात्रातल्या पेशींवर एकेक तरंगलांबी टाकून कुठल्या रंगाला पेशी प्रतिसाद देतात याचा त्यांनी आलेख मांडला आणि तो पेशींच्या तंतुकणिकांमधल्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियामधल्या, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज या विकराशी जुळतो असं दाखवलं. तंतुकणिका म्हणजे पेशीचं वीजघर, हे शाळेत वाचलेलं असेल. लाल आणि अवरक्त प्रकाशाने तिथलं काम वाढतं, ऊर्जा जास्त तयार होते, सूज आणणाऱ्या रसायनांवर परिणाम होतो, असा हा सिद्धांत. तपशिलांवर आजही वाद आहेत, पण 'काहीच घडत नाही' असं म्हणणं त्यानंतर अवघड झालं. नव्वदच्या दशकात अमेरिकेत हॅरी व्हेलन यांनी अंतराळात रोपं वाढवण्यासाठी नासाकरिता तयार झालेले लाल एलईडी जखमांवर वापरून पाहिले, तेव्हा लेझरच हवा का, साधा दिवा का चालू नये, असाही प्रश्न उभा राहिला.

दुसरी अडचण मात्रेची. थोडा प्रकाश चालना देतो, जास्त प्रकाश उलट काम थांबवतो, असं प्रयोगात पुन्हा पुन्हा दिसतं. मिठासारखंच म्हणा ना. त्यामुळे दोन संशोधकांचे निष्कर्ष उलटे आले, तर कोण चूक हे सांगणं कठीण, कारण तरंगलांबी, शक्ती, वेळ, अंतर सगळंच वेगळं असतं. नावांचाही गोंधळ. बायोस्टिम्युलेशन, सॉफ्ट लेझर, कोल्ड लेझर, लो लेव्हल लेझर थेरपी. 2014 साली या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून 'फोटोबायोमॉड्युलेशन' हे नाव ठरवलं. ते अचूक आहे आणि कुणाच्या तोंडी बसत नाही. दवाखान्यात सगळे लेझरच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

आता येऊ मुक्या रोग्याकडे.

प्राण्याला दुखतं हे मालकाला नेहमीच माहीत होतं. प्रश्न आहे तो वैद्यकाचा. 1993 साली अमेरिकेतल्या एका पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या जुन्या नोंदी तपासून एक पाहणी प्रसिद्ध झाली. नोंदी होत्या 1983 ते 1989 या काळातल्या, रोगी 258, मोठी शस्त्रक्रिया झालेले कुत्रे आणि मांजरं. त्यांतल्या निम्म्याहून कमी कुत्र्यांना नंतर वेदनाशामक दिलं गेलं होतं. आणि 15 मांजरांपैकी किती? एका. हे शिकवणारं रुग्णालय होतं, ऐंशीच्या दशकातलं. कारणं ऐकण्यासारखी आहेत. प्राणी ओरडत नाही म्हणजे त्याला दुखत नाही. दुखलं तर तो हलणार नाही, टाके तुटणार नाहीत, म्हणजे दुखणं बरंच. आणि कुठलं औषध किती द्यायचं, हे नीट माहीत नव्हतं.

मांजर तर दुखणं लपवण्यात पटाईत. ते ओरडत नाही. कपाटाखाली जाऊन बसतं, उंच उडी मारायचं सोडून देतं, आणि आपण म्हणतो, आता शहाणं झालंय. नव्वदच्या दशकाअखेरपासून ग्लासगोच्या संशोधकांनी कुत्र्यांच्या वेदनेची मोजपट्टी तयार केली. मांजरांच्या चेहऱ्यावरून, म्हणजे कान, डोळे, तोंड, मिश्या आणि डोकं कसं धरलंय यावरून, वेदना ओळखायची माँट्रियलची पट्टी आली ती थेट 2019 साली. लेझरचा शोध लागून तोवर एकोणसाठ वर्षं झाली होती. किरण आधी आला, दुखणं वाचायची लिपी नंतर.

याच काळात कुत्र्यांसाठी नवी वेदनाशामकं बाजारात आली आणि लगेच त्यांची मर्यादाही दिसली. म्हाताऱ्या कुत्र्याचं यकृत, मूत्रपिंड आधीच थकलेलं असतं. मांजराच्या यकृताची घडणच अशी की अनेक औषधं त्याला पचवता येत नाहीत. आपली साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते. हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी कृपा करून आजच्या व्याख्यानातून निदान एवढं घरी न्यावं. आणि एका प्राण्याचं वेदनाशामक दुसऱ्याला किती महागात पडू शकतं ते आपण आपल्या आकाशात पाहिलंच आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने त्यांची कलेवरं खाणारी गिधाडं मेली. 2004 साली कारण उघड झालं आणि 2006 साली भारताने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. औषधांची ही कोंडी होती, म्हणून बिनगोळीचा, बिनसुईचा उपाय हवा होता. लेझर त्या रिकाम्या जागेत आला.

घोड्यांच्या तबेल्यात तो ऐंशीच्या दशकातच पोचला होता. तिथे पैसा होता आणि पाय हीच भांडवलाची गोष्ट होती. घरगुती प्राण्यांच्या दवाखान्यात तो खऱ्या अर्थाने पसरला 2000 नंतर. 2002 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मनगटाच्या कार्पल टनेल दुखण्यासाठी अशा एका यंत्राला मान्यता दिली, ती माणसांसाठी. प्राण्यांसाठीच्या उपकरणांना मात्र त्या देशात विक्रीआधी अशी मान्यता घ्यावीच लागत नाही. म्हणजे माणसाच्या मनगटासाठी पुरावा दाखवा, कुत्र्याच्या कंबरेसाठी नाही दाखवला तरी चालेल. यंत्रं आधी विकली गेली, चाचण्या मागून आल्या. आणि चाचण्यांनी काय सांगितलं?

2012 साली फ्लोरिडा विद्यापीठातून एक अभ्यास आला. 36 कुत्रे, सगळ्यांच्या पाठीच्या मणक्यातली डिस्क सरकलेली, मागचे पाय लुळे, सगळ्यांची शस्त्रक्रिया झालेली. निम्म्यांना पाच दिवस रोज लेझर. लेझरवाले कुत्रे पुन्हा पायावर उभं राहून चालू लागायला मध्यमान साडेतीन दिवस लागले, इतरांना चौदा. ज्याने स्वतःचा डॅशहाउंड मागचे पाय ओढत फिरताना पाहिलाय त्याला या दहा दिवसांची किंमत सांगायला नको. हा आकडा जगभर गाजला, जाहिरातीत गेला. 2017 साली दुसऱ्या गटाने असाच अभ्यास 32 कुत्र्यांवर केला. या वेळी लेझर न मिळणाऱ्यांनाही यंत्र लावलं जाई, पण बंद ठेवून. फरक आढळला नाही. हा आकडा जाहिरातीत गेला नाही.

जखमांचंही तसंच. 2015 साली 10 निरोगी कुत्र्यांवर सारख्या जखमा करून एकीवर लेझर, दुसरीवर नाही, असं पाहिलं. दोन्ही सारख्याच वेगाने भरल्या. उलट 2019 साली मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या व्रणाचे फोटो पाहून गुण देणाऱ्यांना लेझर दिलेले व्रण चांगले वाटले. 9 कुत्र्यांचा अभ्यास तो. 2018 साली कॅनडातल्या नियतकालिकात कोपराच्या सांधेदुखीवरची चाचणी आली. 20 कुत्रे, काहींना खरा लेझर, काहींना खोटा, आणि कुणाला काय मिळतंय हे मालकाला माहीत नाही. सहा आठवड्यांनंतर खऱ्या लेझरवाले कमी लंगडत होते आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या गोळ्या कमी करता आल्या. आमच्या मते सध्याच्या पुराव्यातला हा सगळ्यात वजनदार. तरीही 20 कुत्रे म्हणजे 20 कुत्रेच.

इथे हमखास एक मुद्दा येतो आणि तो हुशारीचा वाटतो. माणसाला औषधावर विश्वास असतो, म्हणून साखरेच्या गोळीनेही त्याला बरं वाटतं. पण कुत्र्याला लेझर म्हणजे काय ते कुठे माहीत आहे? मग कुत्र्यात दिसलेली सुधारणा खरीच असणार!

कुत्र्याला माहीत नाही, पण आपल्याला माहीत आहे ना. 2012 साली अमेरिकेत याचाच अभ्यास झाला. सांधेदुखीच्या 58 कुत्र्यांना औषधाच्या चाचणीत नुसतं खोटं औषध मिळालं होतं. ते चालताना पायावर किती भार देतात हे जमिनीतल्या पट्टीने मोजलेलं होतं. त्या पट्टीच्या मते फरक नव्हता, तरी सुमारे 40 टक्के वेळा मालकांना सुधारणा दिसली होती. मालक भाबडे असतात म्हणाल, तर त्याच कुत्र्यांना तपासणारे पशुवैद्यही जवळजवळ तितकेच फसले होते. प्लासिबो कुत्र्यावर चालत नाही, कुत्र्याकडे पाहणाऱ्यावर चालतो. तो डागलेला बैल आठवतोय?

आता थोडं घरचं सांगतो, कारण ही गोष्ट आम्ही पुस्तकातून शिकलेली नाही. आमच्याकडे लॅब्रेडोर कुत्री होती, अकरा वर्षांची, कंबरेचे सांधे गेलेले. एका दवाखान्यात तिला लेझरच्या बारा बैठका सांगितल्या. आम्ही रोज वहीत लिहायचो. तिसऱ्या बैठकीपासून वहीत 'आज बरी', 'जिना लवकर चढली', 'शेपूट हलवली' सुरू झालं. (शेपूट ती नेहमीच हलवायची.) सुदैवाने घरातल्या धाकट्यांनी तिचे जिना चढतानाचे व्हिडिओ काढलेले होते. बैठका संपल्यावर ते ओळीने लावून, घड्याळ धरून पाहिले. पहिल्या आणि शेवटच्या व्हिडिओत तेवढाच वेळ, तशीच तिसऱ्या पायरीवर थांबायची. आम्ही खोटं लिहिलं नव्हतं. जे पाहायचं होतं ते पाहिलं होतं. पुढे आहार कमी करून तिचं वजन चार किलोने उतरवलं, फरशीवर सतरंज्या टाकल्या, तेव्हा मात्र घड्याळातही फरक दिसला. त्यात लेझरचा वाटा होता की नाही, हे आता सांगता येणार नाही, कारण आम्ही एका वेळी सगळंच केलं.

म्हणून 'उपयोग होतो का' याला आम्ही एका शब्दात उत्तर देत नाही. सांधेदुखीत, वजन आणि औषध सांभाळून जोडीला, काही कुत्र्यांना होत असावा, असं म्हणण्याइतका आधार आहे. डिस्कच्या शस्त्रक्रियेनंतर दोन अभ्यास दोन गोष्टी सांगतात. ताज्या, आपोआप भरणाऱ्या जखमेवर पैसे घालवायची गरज आम्हाला दिसत नाही. आणि शरीरात कुठे गाठ असेल, तर गाठीवर हा प्रकाश टाकत नाहीत. पेशींना चालना देणारी गोष्ट कर्करोगाच्या पेशींना काय करेल, हा मेस्टरांच्या काळातला प्रश्न अजून शिल्लक आहे. म्हाताऱ्या कुत्र्याला अंगावर गाठ असेल तर बैठका सुरू करण्याआधी ती तपासून घ्या. कुत्री गाभण असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा.

केसांचं मात्र विसरून चालणार नाही. 2015 साली, उंदरांवरच्या त्या निबंधाला अठ्ठेचाळीस वर्षं होत असताना, केस गळून टक्कल पडलेल्या 7 कुत्र्यांवर लेझरचा छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येक कुत्र्याच्या अंगावरचा एक भाग उपचाराचा आणि एक तसाच सोडलेला. सातही कुत्र्यांमध्ये उपचाराच्या भागावर केस आले, सहांमध्ये चांगलेच. केस आले की नाही, यात मालकाच्या मनाचा खेळ फारसा चालत नाही. ते दिसतात.

एका श्रोत्याने आधीच चिठ्ठी पाठवली आहे : "ऑनलाइन दोन-तीन हजारात छोटा लाल लेझर मिळतो, घरीच दिला तर?" याचं उत्तर गणितात आहे. समजा, लॅब्रेडोरच्या कंबरेचा शंभर चौरस सेंटिमीटर भाग आहे आणि दर चौरस सेंटिमीटरला 10 ज्यूल द्यायचे आहेत, म्हणजे एकूण 1000 ज्यूल. 10 वॅटचं दवाखान्यातलं यंत्र ते 100 सेकंदांत देतं. सादरीकरणात वापरतात तसला 5 मिलिवॅटचा पॉइंटर तेवढं द्यायला 2 लाख सेकंद घेईल, म्हणजे साधारण पंचावन्न तास. त्यातही बराचसा प्रकाश काळ्या केसांतच मुरणार. आणि यंत्र जर खरोखर ताकदीचं असेल, तर धोका डोळ्याला. कुत्र्याच्या, तुमच्या, शेजारी उभ्या असलेल्या पोराच्या. पट्ट्याच्या बकलवरून, स्टीलच्या टेबलावरून परावर्तित झालेला किरणही पुरतो. आणि जोराचं यंत्र एका जागी धरून ठेवलं तर कातडी भाजते, काळ्या कातडीची लवकर. तेव्हा घरी नको. दवाखान्यात देणार असाल तर तरंगलांबी किती, एकूण ज्यूल किती, हे विचारा आणि कार्डावर लिहून घ्या. आणि पहिल्या बैठकीच्या आधी जिन्याचा व्हिडिओ काढा.

आता बाकीचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताई कधीच्या हात वर करून बसल्या आहेत.